खिळ्यापासून फाइलपर्यंत : आपले पान आपल्या हातात कधी येणार?



‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू झाला, ही तारीख आपल्यातल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येते. त्या दिवशी आपण स्टेटस ठेवतो, व्याख्याने भरवतो, बाबासाहेबांच्या लेखणीचा गौरव करतो. ते योग्यच आहे. पण वर्तमानपत्र नुसत्या लेखणीने निघत नाही. त्याला कागद लागतो, शाई लागते, खिळे जुळवणारा हात लागतो, मुद्रिते तपासणारा डोळा लागतो, टपालाचे पैसे लागतात. आपल्या चळवळीचा इतिहास आपण विचारांचा इतिहास म्हणून वाचतो. तो छापखान्याचा इतिहास म्हणूनही वाचला पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे.

हे आता मांडण्याचे कारण साधे आहे. कोल्हापुरात, शाहूपुरीत, आम्ही काही कार्यकर्ते संध्याकाळी एकत्र बसून संगणकावर डीटीपी शिकत आहोत. टायपिंग आम्हाला येते. आता त्यापुढची पायरी गाठायची आहे: पुस्तिका लावणे, अहवाल बांधणे, छपाईला जाईल अशी फाइल तयार करणे. त्यावर आपल्याच काही मित्रांनी विचारले, “विचारवंतांनी लिहावे, कार्यकर्त्यांनी लढावे. पान लावायला दुकाने आहेत की! तुम्ही कशाला त्यात वेळ घालवता?” हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

दप्तर ज्याच्या बगलेत, गाव त्याच्या मुठीत

कागदावरची सत्ता ही जातिव्यवस्थेची जुनी ताकद आहे. गावात तलवार पाटलाकडे असेल, पण दप्तर कुलकर्ण्याकडे असे. जमीन कोणाची, सारा किती, थकबाकी कोणावर, हे सारे त्याच्या बगलेतल्या कागदांवर. अडाणी कुणब्याने आणि महाराने अंगठा उमटवायचा. वर काय लिहिले आहे ते त्याला कळण्याचा मार्गच नव्हता. जोतीरावांनी शेतकऱ्याच्या लुटीचे जे विश्लेषण केले, त्यात या कागदी कारभाराला मोठी जागा आहे.

राजर्षी शाहू महाराजांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून त्यांनी १९१८ मध्ये करवीर संस्थानातली कुलकर्णी वतने बरखास्त केली आणि पगारी तलाठी नेमले. त्यात अस्पृश्य समाजातल्या शिकलेल्या तरुणांनाही घेतले. आपण या निर्णयाकडे महसुली सुधारणा म्हणून पाहतो. आमच्या मते ती दप्तराची मुक्ती होती. ज्याला लिहिलेले वाचायचीही मुभा नव्हती, त्याच्या हातात गावाचे दप्तर आले.

त्याआधी १९०२ मध्ये, २६ जुलैला, पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम महाराजांनी काढला. तो करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये छापून आला. दरबारात तोंडी दिलेला शब्द उद्या फिरवता येतो. गॅझेटात क्रमांकासह, तारखेसह छापलेला हुकूम फिरवायला दुसरा हुकूम काढावा लागतो. म्हणूनच सव्वाशे वर्षांनंतरही आपण त्या हुकमावर बोट ठेवू शकतो.

ज्या शाहूपुरीत आम्ही बसतो, ती पेठही महाराजांनीच १८९५ मध्ये वसवलेली. १८९१ मध्ये रेल्वे कोल्हापुरात आली होती. स्टेशनाजवळ गुळाची बाजारपेठ उभी राहिली आणि कोल्हापूरच्या गुळाला देशभर गिऱ्हाईक मिळाले. शेतकऱ्याला नुसते “चांगला गूळ कर” असे सांगून भागत नाही. त्याला बाजार लागतो, रस्ता लागतो, रेल्वे लागते. विचारांचेही तसेच आहे. चांगला विचार करा, असे सांगून भागत नाही. तो लोकांपर्यंत नेणारे साधन आपल्या मालकीचे लागते.

विटाळाची शाई

मराठी छपाईच्या आरंभीच विटाळ आडवा आला होता. छापील पुस्तकाच्या शाईत चरबी असते म्हणून त्याला शिवायचे नाही, असे मानणारे सोवळे लोक एकोणिसाव्या शतकात मुंबईत होते. १८३१ मध्ये शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापणाऱ्या गणपत कृष्णाजींनी त्यांच्यासाठी शाईत तूप वापरले, असे छपाईच्या इतिहासात सांगितले जाते. गणपत कृष्णाजी स्वतः भंडारी समाजातले. म्हणजे सोवळ्या घरांत जाणारे पंचांग छापले बहुजनाने, आणि त्यातले मुहूर्त वाचून दक्षिणा घेतली दुसऱ्याने! छापखाना आणि जात यांचे नाते इथूनच दिसते. यंत्रावर हात आपला. पानावर काय असावे, हे ठरवण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याचा.

हा अधिकार मिळवण्याची धडपड सत्यशोधकांनी सुरू केली. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात ‘दीनबंधु’ काढले. पुढे ते नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईतून चालवले. जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’चे पहिले दोन भाग याच पत्रात आले आणि पुढचे छापणे थांबले. आपल्याच पत्रातही पान आणि लेखक यांच्यात ताण निर्माण होतो, हे जोतीरावांनी त्या वेळी अनुभवले. मुकुंदराव पाटलांनी तर १९१० पासून नगर जिल्ह्यातल्या खेड्यातून ‘दीनमित्र’ चालवले. पुण्या-मुंबईच्या छापखान्यांवर अवलंबून न राहता खेड्यात छापखाना नेणे, हे त्या काळी केवढे धाडस होते! इकडे शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ मध्ये पुण्यातून ‘सोमवंशीय मित्र’ सुरू केला. नागपुरात किसन फागुजी बनसोडे एकामागून एक पत्रे काढत राहिले. यांतले एकही पत्र सुखाने चालले नाही. पण प्रत्येकाने आपल्या माणसांना एक गोष्ट दाखवून दिली: आपले शब्दही छापले जाऊ शकतात.

अडीच हजार रुपये आणि नाकारलेली जाहिरात

या परंपरेत ‘मूकनायक’ आला. चित्रकार दत्तोबा दळवी यांच्यामुळे शाहू महाराज आणि बाबासाहेब यांची भेट झाली, असे सांगितले जाते. महाराजांनी पत्रासाठी अडीच हजार रुपये दिले. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव लागले. पत्र निघाल्याची जाहिरात रीतसर पैसे घेऊन छापा, असे ‘केसरी’ला सांगितले तर ‘केसरी’ने ती छापली नाही.

ही गोष्ट आपण नेहमी ‘केसरी’च्या सनातनीपणाचा पुरावा म्हणून सांगतो. ती तशी आहेच. पण तिच्यातून आणखी एक धडा मिळतो. पान ज्याच्या मालकीचे, त्याला नकार द्यायला कारण लागत नाही. तुमच्याकडे मजकूर आहे, पैसेही आहेत, तरी तुम्हाला जागा मिळत नाही. मग स्वतःचे पान उभे करण्यावाचून इलाज उरत नाही.

‘मूकनायक’ सुरू झाल्यावर दोन महिन्यांच्या आत, २१ आणि २२ मार्च १९२० रोजी, माणगावची परिषद झाली. कागल जहागिरीतल्या या गावी अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते आणि महाराज स्वतः हजर होते. आधी पत्र, मग परिषद. हा क्रम लक्षात घ्या. महाडलाही पान आणि परिषद हातात हात घालून चालली: २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्यायले गेले आणि ३ एप्रिलला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. महाडबद्दल प्रस्थापित पत्रे काय छापतील याची वाट पाहत बाबासाहेब बसले नाहीत. त्यांनी आपले पान उघडले आणि त्यातला बहुतेक मजकूर स्वतःच्या हाताने लिहिला.

पुढे २९ जून १९२८ ला ‘समता’, २४ नोव्हेंबर १९३० ला ‘जनता’, आणि ४ फेब्रुवारी १९५६ ला ‘प्रबुद्ध भारत’. या सगळ्या काळात चळवळीला स्वतःचा छापखाना उभा करण्याचा ध्यास होता. भारतभूषण आणि पुढे बुद्धभूषण ही नावे त्यातूनच आली. त्या नावांतला प्रवासही पाहा. धम्माकडे वळलेला समाज आपल्या छापखान्याचे नावही बदलतो, कारण छापखाना त्याच्या दृष्टीने नुसते यंत्र नव्हते. जून २०१६ मध्ये दादरच्या आंबेडकर भवनावर रातोरात हातोडा पडला, तेव्हा त्याच आवारातला बुद्धभूषण छापखानाही गेला. लोक रस्त्यावर उतरले ते एका जुन्या इमारतीसाठी नव्हते.

एक स्वल्पविरामही बदलणार नाही

१९३६ ची गोष्ट घ्या. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषणाचा मजकूर पाहिल्यावर मंडळाचे धैर्य सुटले. काही भाग गाळा, मवाळ करा, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी कळवले की एक स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषदच रद्द झाली. मग बाबासाहेबांनी काय केले? ते भाषण स्वतः पुस्तक म्हणून छापले. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. आज ‘जातिनिर्मूलन’ म्हणून जगभर वाचला जाणारा हा ग्रंथ आपल्यापर्यंत आला तो सभेच्या व्यासपीठावरून नाही, छापखान्यातून आला.

स्वल्पविरामावर अडून बसण्याची ताकद कोणाला असते? ज्याला आपला मजकूर आपण छापू शकतो हे ठाऊक असते त्याला. ज्याची फाइल दुसऱ्याच्या संगणकात, ज्याचे पान दुसऱ्याच्या मर्जीवर, तो स्वल्पविरामावर अडून कसा बसणार? तो म्हणतो, “असू द्या, चालेल.”

याच ग्रंथात बाबासाहेबांनी दाखवून दिले की जात ही केवळ श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. हे वाक्य आपल्याला पाठ आहे. डीटीपीच्या दुकानाला ते लावून पाहा. पानामागे इतक्या रुपयांनी टायपिंग करणारा मुलगा एकीकडे, मांडणी ठरवणारा ‘डिझायनर’ दुसरीकडे, काय छापायचे हे ठरवणारा प्रकाशक तिसरीकडे. आपली मुले पहिल्या खुर्चीवर अडकतात. त्यांना वेग येतो, हुकूम पाळता येतो. पान समजत नाही. शिकवणाऱ्यांनीही तेवढेच शिकवलेले असते. सुटे श्रम करणारा हात आणि ठरवणारे डोके यांच्यातली भिंत संगणकाने पाडली नाही. ती आपणच पाडायची आहे.

स्टेन्सिलपासून पेजमेकरपर्यंत

बाबासाहेबांनंतरच्या पिढीकडे मोठे छापखाने नव्हते. साठ-सत्तरच्या दशकांत सायक्लोस्टाइल हे गरिबाचे छापखानेच होते. मेणकागदाच्या स्टेन्सिलवर टाइप करायचे, शाईच्या रुळावर चढवायचे, हात काळे करत प्रती काढायच्या. लघुनियतकालिके याच वाटेने आली. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली, तिच्या मागे या पानांनी तापवलेली जमीन होती. नामांतराचा ठराव २७ जुलै १९७८ चा आणि नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. मधल्या सोळा वर्षांत पत्रके, भित्तिपत्रके आणि रंगवलेल्या भिंतींनी लढा पेटता ठेवला.

तिकडे खिळ्यांच्या छपाईत देवनागरीची अडचण वेगळी होती. इंग्रजीला थोडे खिळे पुरतात. आपल्याला जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार, उकार धरून शेकड्यांनी खिळे लागत. जुळारी होणे म्हणजे कैक वर्षांची तालीम. त्यामुळे छापखाना काढणे महाग आणि मराठी छापखाना काढणे आणखी महाग. गरीब समाजाच्या पत्रांचे आयुष्य कमी का राहिले, याचे एक कारण या खिळ्यांच्या पेटीत आहे.

१९८५ मध्ये अमेरिकेत आल्डस कंपनीने पेजमेकर आणले. घरच्या संगणकावर पान लावायचे आणि लेझर प्रिंटरवर काढायचे, हे त्यामुळे शक्य झाले. ‘डेस्कटॉप पब्लिशिंग’ हा शब्दही त्याच वेळचा. इकडे १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली, भारतीय लिप्यांचे कार्ड आणि सॉफ्टवेअर आले. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशी नावे गल्लीबोळांतल्या दुकानांत पोहोचली. शेकडो खिळ्यांची पेटी एका फ्लॉपीत मावली. बाबासाहेबांच्या पिढीला ज्याच्यासाठी फंड गोळा करावा लागला, ते साधन एका खोलीत आले.

मग आपले पान आपल्या हातात आले का? नाही आले. ते छापखानेवाल्याच्या हातून डीटीपीवाल्याच्या हातात गेले, एवढेच. आपल्या संघटनांचे विशेषांक, जयंतीच्या स्मरणिका, आंदोलनांची पत्रके, कवितासंग्रह, सगळे दुकानात लागले आणि दुकानातच राहिले. आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. एका स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढायची म्हणून आम्ही जुन्या दुकानात फाइल मागायला गेलो. “ओपन फाइल आम्ही देत नाही,” असे उत्तर मिळाले. लिहिलेले आमचे, पैसे आमचे, फाइल त्यांची! ते दुकान आता बंद आहे.

१९२७ चा अंक वाचता येतो, २००३ चा येत नाही

आता या सगळ्यातली खरी धोक्याची गोष्ट सांगतो.

‘मूकनायक’ आणि ‘बहिष्कृत भारत’चे उपलब्ध अंक आज आपण वाचू शकतो. कागद पिवळा पडला, कडा तुटल्या, पण अक्षर अक्षरच राहिले. म्हणून ते पुन्हा छापता आले. आता एखाद्या कार्यकर्त्याच्या कपाटातली २००३ ची सीडी काढा. ती चालली तरी फाइल पेजमेकरची. आणि पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, २००१ मध्ये आली होती. फाइल उघडली तरी पानावर दिसते ती इंग्रजी अक्षरांची खिचडी.

असे का होते, हे प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावे. जुने मराठी फॉन्ट ही एक युक्ती होती. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवलेले असे. कृतिदेवमध्ये ‘क’ हे ‘डी’ या इंग्रजी अक्षराच्या जागी बसते. म्हणजे संगणकाच्या लेखी तुम्ही ‘क’ लिहिलेलाच नाही. तुम्ही ‘डी’ लिहिला आहे आणि त्याला ‘क’चा मुखवटा चढवला आहे. फॉन्ट गेला की मुखवटा गेला. प्रत्येक कंपनीचे मुखवटे वेगळे, म्हणून एका दुकानाची फाइल दुसऱ्या दुकानात चालत नाही. गिऱ्हाईक बांधून ठेवायला हे फार सोयीचे होते.

युनिकोडमध्ये असे नाही. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला त्यात स्वतःचा क्रमांक आहे. ‘क’ हा कोणत्याही फॉन्टमध्ये, कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहतो. तो शोधता येतो, मोजता येतो, पुन्हा छापता येतो. “माणगाव हा शब्द आपल्या तीस वर्षांच्या अंकांत कुठे कुठे आला?” हा प्रश्न युनिकोड मजकुराला एका क्षणात विचारता येतो. मुखवट्याच्या मजकुराला तो विचारताच येत नाही.

नव्वदच्या दशकापासून पुढची साधारण पंधरा-वीस वर्षे ही आपल्या चळवळीच्या लेखनाची भरगच्च वर्षे होती. मंडलनंतरचा काळ, नामविस्तार, रमाबाई नगर, खैरलांजी. या सगळ्यावर आपल्या माणसांनी जे लिहिले ते प्रस्थापितांच्या पानांवर आले नाही; आपल्याच पत्रकांत, आपल्याच विशेषांकांत आले. तो मजकूर मुखवट्यांच्या फाइलींत अडकून मरतो आहे. कोणी जाळला नाही, कोणी बंदी घातली नाही. तो आपल्या डोळ्यांदेखत मुका होतो आहे. ‘मूकनायक’च्या वारसांनी हे पाहत बसायचे?

मधली पायरी

म्हणून टायपिंगच्या पुढची मधली पायरी शिकायची. मोठा कलावंत होण्याची गरज नाही. एक चौसष्ट पानी पुस्तिका सुरुवातीपासून छपाईपर्यंत एकट्याला नेता यावी, इतके आले की झाले. त्यात काय येते?

पहिली गोष्ट, स्टाइल. प्रत्येक मथळा हाताने ठळक आणि मोठा करत बसणे हे टायपिस्टाचे काम. ‘मथळा’, ‘उपमथळा’, ‘मजकूर’, ‘अवतरण’ अशा स्टाइल एकदा ठरवल्या की एका ठिकाणी बदल केला तरी सगळ्या पुस्तिकेत होतो, आणि अनुक्रमणिका आपोआप तयार होते. दुसरी, मास्टर पेज. पानक्रमांक, पुस्तकाचे नाव, समास हे एकदाच लावायचे. इतके केले तरी शेवटच्या रात्रीची निम्मी धावपळ वाचते.

तिसरी गोष्ट मराठीची आहे. आपल्या अक्षरांना वर मात्रा आणि खाली उकार असतात. इंग्रजीच्या हिशोबाने ओळी लावल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या मात्रेला टेकतो. दोन ओळींत अंतर जास्त ठेवावे. अरुंद कॉलमात दोन्ही कडा सरळ केल्या की शब्दांमध्ये भगदाडे पडतात. तिथे डावी कड सरळ ठेवून उजवी सोडावी. मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडावी, कारण चांगल्या फॉन्टमध्ये त्यामुळे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात. ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’ यांतला अर्धा र नीट येतो का, ते पाहून मगच फॉन्ट ठरवावा. इनडिझाइनमध्ये जोडाक्षरे तुटत असतील तर ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोजर निवडला नाही असे समजावे. इनडिझाइनचे भाडे परवडत नसेल तर स्क्रायबस आणि लिबरऑफिस फुकट आहेत. चोरीच्या सॉफ्टवेअरवर चळवळ उभी करण्याची गरज नाही.

चौथी गोष्ट छपाईची. चित्रे आकारमानात ३०० डीपीआयची हवीत. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो पानभर ताणला की बाबासाहेबांचा चेहरा फुटतो. कापणीसाठी चहूबाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीची जागा सोडावी. पिनांनी शिवलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीत, आणि पुस्तक असेल तर सोळा पानांचा फर्मा धरून हिशोब करावा, म्हणजे कागद वाया जात नाही.

आणि आपला निळा! पडद्यावर झळाळणारा निळा कागदावर अनेकदा जांभळा उतरतो. पडदा उजेडाच्या तीन रंगांनी रंगवतो, छपाई चार शायांनी. त्या शायांत निळसर आणि गुलाबी जवळपास सारख्या पडल्या की जांभळट छटा येते. गुलाबीचे प्रमाण निळसरपेक्षा चांगले तीस टक्क्यांनी कमी ठेवावे आणि एक नमुना छापून पाहावा. ज्या रंगाखाली आपण एकत्र येतो, तो तरी नीट छापता आला पाहिजे.

शेवटची गोष्ट जतनाची. प्रत्येक प्रकाशनाच्या तीन फाइल ठेवाव्यात: ओपन फाइल, पीडीएफ आणि साधा युनिकोड मजकूर. तिन्ही किमान दोन वेगळ्या ठिकाणी. पीडीएफवर एकटीवर भरवसा ठेवू नये. तिच्यातून मराठी मजकूर उचलताना अक्षरे अनेकदा तुटतात.

“रील्सच्या जमान्यात हे कशाला?”

काही मित्र म्हणतात, आता कोण वाचते? मोबाइलवर अ‍ॅप आहे, पाच मिनिटांत पोस्टर होते. पोस्टर होते, हे खरे. पण अत्याचाराच्या घटनेनंतर सत्यशोधन समिती गावात जाते, तेव्हा तिला पोस्टर नव्हे, अहवाल द्यावा लागतो. परिच्छेदांना क्रमांक, घटनांचा तारीखवार तक्ता, जबाब वेगळे, छायाचित्रांखाली दिनांक आणि ठिकाण, शेवटी जोडपत्रे. असा अहवाल जिल्हाधिकाऱ्यापुढे, आयोगापुढे, न्यायालयापुढे टिकतो, कारण “परिच्छेद १७ पाहा” असे वकिलाला म्हणता येते. ठळक अक्षरांत, उद्गारचिन्हांनी भरलेले निवेदन अधिकारी बाजूला सारतो, आणि आपण त्याला जातीयवादी म्हणत बाहेर येतो. तो असेलही. पण त्याला बाजूला सारायची सोय आपण करून का द्यायची?

दुसरे मित्र म्हणतात, विचार महत्त्वाचा, सजावट नाही. आमचेही तेच म्हणणे आहे. मांडणी ही सजावट नाहीच. १९४७ मध्ये बाबासाहेबांनी शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे संविधान सभेसाठी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन तयार केले. ते त्यांनी तक्रारींच्या स्वरूपात लिहिले नाही. कलमांच्या स्वरूपात लिहिले, पुढे स्पष्टीकरणे जोडली. वाचणाऱ्याला पहिल्या पानापासूनच कळावे की हा समाज गाऱ्हाणे घेऊन आलेला नाही, तो संविधानाचा मसुदा घेऊन आला आहे. कागदाची मांडणी हीच तिथे राजकीय भूमिका होती. याहून मोठा दाखला आम्हाला देता येणार नाही.

आणि कोल्हापूरकराला तर “डिझाइन हे आपले काम नाही” असे म्हणण्याची सोयच नाही. सुतारकाम करणाऱ्या घरातून आलेल्या बाबूराव पेंटरांनी याच शहरात कॅमेरा बनवला, चित्रपट काढले आणि त्यांची पोस्टरेही रंगवली. हात आणि डोके एकाच माणसाचे असले की काय होते, हे या शहराने पाहिले आहे.

आता काय करायचे?

बाबासाहेबांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या लेखनावरचे स्वामित्वहक्क त्यांच्या महापरिनिर्वाणाला साठ वर्षे झाल्यावर, १ जानेवारी २०१७ पासून, संपले. मरणोत्तर प्रथम प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांचा, तसेच अनुवादांचा आणि संपादित खंडांचा हिशोब वेगळा आहे, तो पाहूनच पाऊल टाकावे. पण ‘जातिनिर्मूलन’चा मूळ इंग्रजी पाठ छापायला आज कोणाची परवानगी लागत नाही. शासन छापील, मग आम्ही वाचू, असे म्हणत किती दिवस बसायचे? शासकीय खंडांची छपाई कागद घेऊनही रखडल्याची बातमी आली आणि डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. न्यायालयात लढा द्यायचाच. पण मधल्या काळात दहा तालुक्यांत दहा मुलांना पान लावता येत असेल, मुद्रिते मूळ पाठाशी ताडून पाहता येत असतील, तर वाचक थांबणार नाहीत.

म्हणून प्रत्येक शाखेला, प्रत्येक वाचनालयाला, प्रत्येक विद्यार्थी संघटनेला आमचे सांगणे आहे. आपल्यातले किमान दोघे, त्यात एक मुलगी, ही मधली पायरी चढतील असे पाहा. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी करा आणि एक संगणक घ्या. यापुढे कोणत्याही दुकानात काम द्याल तेव्हा ओपन फाइल मिळेल, हे आधी लेखी ठरवा. घरोघरी पडलेल्या सीड्या, फ्लॉप्या, छापील स्मरणिका गोळा करा. ज्या फाइली उघडतात त्यांतला मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि ओळ न् ओळ वाचून तपासा, कारण कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरे हमखास बिघडवतो. ज्या उघडत नाहीत, त्यांची छापील प्रत समोर ठेवून पुन्हा टाइप करा. कंटाळवाणे काम आहे. ‘बहिष्कृत भारत’चे स्तंभच्या स्तंभ एकट्याने भरणाऱ्या माणसाच्या अनुयायांना कंटाळ्याचे कारण सांगता येणार नाही.

शाहूपुरीत आम्ही सुरुवात नामांतराच्या काळातल्या पत्रकांपासून केली आहे. तुमच्या गावात काय पडून आहे, ते आजच कपाट उघडून पाहा.

जयभीम! जय शाहू! जय जोती!